आखो पंधरा दिन

मागच्या मार्चमध्ये आम्ही घरामागच्या अंगणात कोबा करायचं पक्कं केलं. शहाद्याला आमच्या कॉलनीत बहुतेकांचं मागचं अंगण झालं होतं, कोणी टाईल्स लावल्या, कोणी पेव्हर ब्लॉक, आणि आमचंच तेवढं मातीचं राहिलं होतं. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात फुफाटा, त्यात मागच्या वर्षी धुण्याच्या दगडाखाली विंचू निघालेला, त्यामुळे बायकोचं म्हणणं चुकीचं होतं असं मी आजही म्हणणार नाही. मिस्त्री आला, टेप लावला, दहा बाय पंधरा. मी दोन हजार बयाणा दिला, दुसऱ्या दिवशी एक ब्रास रेती येऊन पडली, आठ गोण्या सिमेंट आलं. सोमवारी काम सुरू करायचं ठरलं.

रविवारी मायने गोधड्या उसवायला काढल्या होत्या. दरवर्षी उन्हाळा लागला की तिचं ते काम असतं, जुना गोळा झालेला कापूस बाहेर काढायचा, उन्हात टाकायचा, हाताने मोकळा करायचा आणि परत भरायचा. मागच्या अंगणात चादरीवर कापूस पसरलेला होता आणि माय तिथेच सावलीत बसलेली. मी चहा घेऊन गेलो तर तिने बोटानेच चूप म्हटलं. चादरीच्या कडेला अंगठ्याएवढा एक पक्षी उतरला, शेपटी सरळ वर उभी, डोक्यावर विटकरी टोपी, पाठ हिरवट. चोचीत मावेल तेवढा कापूस ओढला आणि सरळ वांग्याच्या झाडात घुसला. मग परत आला. मग परत. पंधरा मिनिटात मी नऊ फेऱ्या मोजल्या.

ते वांगं म्हणजे भरताचं, मायने गेल्या पावसाळ्यात लावलेलं, हिवाळाभर वांगी देऊन झालेली, आता नुसती मोठाली पानं आणि दोन-तीन पिवळी पडलेली वांगी बियाणासाठी ठेवलेली. मी वाकून बघितलं तर एक रुंद पान लांबीत वळवून त्याच्या दोन्ही कडा एकमेकांना शिवलेल्या. खरंच शिवलेल्या. शिंपी पक्षी पान शिवतो हे आपण सगळे शाळेत शिकलेलो असतो पण ते मी कधी हातभर अंतरावरून बघितलं नव्हतं. पक्षीण (शिवायचं काम मादी करते) चोचीच्या टोकाने पानाच्या कडेला भोक पाडते, त्यातून कापसाचा नाहीतर कोळ्याच्या जाळ्याचा धागा ओढून घेते, समोरच्या कडेलाही तसंच, आणि धाग्याचं बाहेर राहिलेलं टोक फुलवून देते. गाठ मारत नाही. ते फुललेलं टोकच भोकातून मागे सरकत नाही, झालं, टाका बसला. सलग दोरा नसतो, प्रत्येक टाका वेगळा. भोक इतकं बारीक की पान सुकत नाही, हिरवंच राहतं, आणि पानाची वरची बाजू बाहेर असल्यामुळे दुरून बघणाऱ्याला नुसतं एक वळलेलं पान दिसतं.

माझी माय साठ वर्षं गोधड्या शिवतेय. तिने चष्मा पुसला, पानाला हात न लावता बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "हाऊ टाका बिनगाठना शे." मग हळूच वाकून, "मजार कापूस भरेल शे दख." मजार म्हणजे आत, शे म्हणजे आहे. आत खरंच आमच्या गोधडीचा कापूस होता, तिच्या लग्नात आलेल्या गोधडीचा, त्याची वाटी करून बसवलेली. मी सतरा टाके मोजले. आता विचाराल तर मला कोणी दहा लाखाची गोष्ट दाखवली असती तरी मी त्या दिवशी तेवढा वेळ उभा राहिलो नसतो.

सोमवारी मिस्त्री घमेलं-फावडं घेऊन हजर. वांगं उपटल्याशिवाय लेव्हल होणार नव्हती. माय मागच्या दारात आडवी उभी राहिली आणि अगदी शांतपणे म्हणाली, "आखो पंधरा दिन थांबी जाय ना भाऊ." आखो म्हणजे आणखी. मिस्त्री माझ्याकडे बघायला लागला, मी बायकोकडे, बायको आत निघून गेली. मिस्त्री तरुण पोरगा, धुळ्याकडचा, त्याने पानाजवळ जाऊन बघितलं, काही बोलला नाही, घमेलं रेतीवर उपडं ठेवून गेला.

पंधरा दिवसांचा हिशोब मायचा तसा कमीच होता, शिंपीची अंडी बारा दिवसांच्या आसपास उबतात आणि पुढे साधारण दोन आठवड्यात पिल्लं उडतात, म्हणजे महिनाभर धरायचा. तीन अंडी होती, मुलीने मोबाईल वर धरून फोटो काढला, एकदाच, नंतर मीच नाही म्हटलं. रोज संध्याकाळी मिस्त्रीचा फोन यायचा, "भाऊ, पिल्ला उडनात का?" आधी मला वाटायचं त्याला कामाची घाई आहे. मग लक्षात आलं की फोन कामाचा राहिलेला नाही.

पिल्लं निघून चौथा-पाचवा दिवस असेल. सकाळी शिंपीचा आवाज ऐकून मी धावलो, दहा ग्रॅमसुद्धा वजन नसेल त्या जिवाचं पण आवाज शेजारच्या गल्लीत जातो. वांग्याच्या बुडाशी भारद्वाज. आपल्याकडे सकाळी भारद्वाज दिसला की दिवस चांगला जातो म्हणतात, मी स्वतः शाळेत असताना परीक्षेच्या दिवशी मुद्दाम कुंपणाकडे बघत जायचो की दिसतोय का. तांबडे पंख, काळंभोर अंग, लाल डोळा, इतका देखणा पक्षी. त्याने पान ओरबाडून खाली ओढलेलं होतं आणि तिसरं पिल्लू चोचीत होतं. मी हातातला तांब्या फेकून मारला, तो जमिनीवरून आरामात चालत कुंपणाबाहेर गेला. शिंपीची जोडी दुपारपर्यंत त्या फाटक्या पानाभोवती फिरत राहिली, मध्येच चोचीत अळी घेऊन यायची आणि कोणाला द्यायची तेच कळायचं नाही. माझ्या मुलीला रडू आवरेना. मला भारद्वाजाचा एवढा राग आला होता की मी गोफण शोधत होतो, खरं सांगतो. माय चुलीवर पाणी तापवत होती, ती म्हणाली, "त्याले बी पोट शे." एवढंच. मला ते तेव्हा पटलं नाही. मग एप्रिलमध्ये समोरच्या प्लॉटवर बाभळीत त्याच भारद्वाजाचं मोठं गोल घरटं दिसलं आणि तो सरडा चोचीत धरून तिकडे जाताना दिसला तेव्हा थोडं पटलं.

संध्याकाळी फोन आला. मी सांगितलं काय झालं ते. मिस्त्री थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, मग उद्या येऊ का? आणि मीच म्हणालो की थांब. का म्हणालो ते मला सांगता येत नाही. मोकळं झालेलं पान अजून लोंबत होतं.

मग उन्हाळा आला. आमच्याकडचा उन्हाळा ज्याने बघितला नाही त्याला सांगून कळत नाही, पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जातो, दुपारी बारा ते पाच रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. रेतीच्या बाजूला मायने एक परळ पाणी भरून ठेवली आणि नळाखालची जागा रोज ओली राहायची. दुपारी मी खिडकी थोडी उघडी ठेवून बसायला लागलो. आधी बुलबुल यायचे, मग सातभाई, ते कधीच एकटे येत नाहीत, आणि आंघोळही नंबर लावल्यासारखी करतात, एक कुंपणावर बसून पहारा देतो आणि बाकीचे पाण्यात. खार तर नळाखालच्या ओल्या मातीवर पोट टेकवून चारी पाय पसरून सपाट पडायची, मेली की काय असं वाटावं इतकी. तेव्हा तिच्या पाठीवरचे पट्टे मोजले. पाच. रामाने तीन बोटं फिरवली असं आजी सांगायची, दक्षिणेकडच्या खारींना तीनच असतात, आपली ही उत्तरेकडची जात, पाच पट्ट्यांची. चाळीस वर्षं मी रोज खार बघत होतो आणि पट्टे कधी मोजले नव्हते.

त्याच ओल्या मातीवर कुंभारीण माशी यायची. काळी-पिवळी, कंबर इतकी बारीक की अंग दोन तुकड्यांचं वाटावं. मातीची गोळी करायची आणि मागच्या दाराच्या चौकटीकडे न्यायची. तिथे तिने हरभऱ्याच्या घाट्याएवढं एक मडकं घडवलं, वर गळा सुद्धा, तो बाहेर वळवलेला, अगदी कुंभाराच्या चाकावरून उतरवल्यासारखा. रिकाम्या मडक्यात ती आधी एक अंडं देते आणि ते छताला बारीक धाग्याने टांगून ठेवते. मग अळ्या आणते, नांगी मारून लुळ्या केलेल्या, मेलेल्या नाही, म्हणजे सडत नाहीत, ताज्या राहतात. मडकं भरलं की तोंड लिंपते आणि जाते, परत वळून बघत नाही. आतलं पिल्लू निघेल, साठवलेलं खाईल, मोठं होईल आणि भिंत फोडून येईल. हिरव्या अळ्या ती आमच्याच झाडांवरून उचलत होती. बायको दरवर्षी झाडूने ती मडकी पाडायची, घाण दिसते म्हणून. या वर्षी तिने चौकटीचा तेवढा भाग सोडून पुसलं. मी काही बोललो नाही, तीही बोलली नाही.

आणि पत्र्याच्या सावलीत, जिथे मिस्त्रीने नमुन्यापुरती दोन घमेली रेती चाळली होती, त्या बारीक भुकटीत वाट्या पडल्या. अगदी मापात कोरलेल्या, नाणं बसेल एवढ्या. त्या मात्र मी लहानपणापासून ओळखतो, आम्ही पोरं त्यात मुंगी टाकायचो. मुंगी चढायला बघते, रेती घसरते, आणि तळातून कोणीतरी डोक्याने रेती उडवून तिला पाडतं. आम्ही त्याला उलटा किडा म्हणायचो कारण तो मागे मागेच चालतो. मला या वर्षी वाचून कळलं की तो किडा म्हणजे बाल्यावस्था आहे, आणि त्या सगळ्या काळात तो खातो पण शरीराबाहेर काहीच टाकत नाही, तशी वाटच नसते त्याला. पुढे रेती आणि रेशीम मिळून गोळी करतो, त्यात झोपतो, आणि निघतो तेव्हा चार जाळीदार पंख, चतुरासारखा, पण नाजूक, संध्याकाळी ट्यूबलाईटला येऊन बसतो. म्हणजे ट्यूबलाईटवरचा तो पाहुणा आणि धुळीतला तो दरोडेखोर एकच. हे मला पन्नाशी जवळ आल्यावर कळतंय, आणि तो सगळा वेळ माझ्या पायाखाली होता.

इथे एक गोष्ट सांगायलाच पाहिजे कारण ती आमच्या गावाची आहे. रानपिंगळा नावाचं एक छोटं घुबड. ह्यूम नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८७३ मध्ये त्याची नोंद केली. पुढे खानदेशात जेम्स डेव्हिडसन नावाचा अधिकारी होता, त्याने शहादा-तळोदा भागातून काही पक्षी मारून नमुने जमवले. १८८४ नंतर तो पक्षी कोणालाच खात्रीने दिसला नाही, संपला असंच धरलं गेलं. मधे मायनरट्झहागेन नावाच्या एका मोठ्या नाव असलेल्या संग्राहकाने सांगितलं की मी १९१४ मध्ये गुजरातमध्ये एक मिळवला, त्यामुळे शोधणारे तिकडेही गेले. पुढे पामेला रासमुसेन या पक्षीतज्ज्ञ बाईंनी संग्रहालयातले नमुने तपासले तेव्हा निघालं की तो नमुना डेव्हिडसनचाच होता, चोरलेला, परत पेंढा भरून खोटी चिठ्ठी लावलेला. पक्षी भरण्याच्या पद्धतीवरून त्यांनी ते ओळखलं. मग त्या जुन्या खऱ्या जागांवर आल्या, सोबत बेन किंग आणि डेव्हिड ॲबट, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याला, रानपिंगळा समोर बसलेला सापडला. ११३ वर्षांनी. तेही दिवसाढवळ्या, कारण हे घुबड दिवसा फिरतं.

तेव्हा मी शहाद्यातच होतो. कॉलेजला जायचो, तोरणमाळला मित्रांसोबत गाड्या काढून जायचो, त्याच जंगलातून. आपण कधी मान वर करून बघितली असती तर, असा विचार अजून येतो. चुकीच्या चिठ्ठीने माणसं दुसऱ्या राज्यात शोधत होती आणि तो इथे सागाच्या झाडावर ऊन खात बसलेला.

आमच्या मागच्या कडुलिंबात जो आहे तो साधा पिंगळा. डोक्यावर पांढरे ठिपके भरपूर, रानपिंगळ्याच्या डोक्यावर ते जवळजवळ नसतात, बाकी लांबून सारखेच. जोडी आहे. दिवेलागणीला ढोलीच्या तोंडाशी येतात, आपल्याकडे बघून मान खाली-वर करतात, गोल गोल डोळे, आणि मग दोघं मिळून जो काही कल्ला करतात तो ऐकून शेजारच्या काकू अजूनही दार लावून घेतात, पिंगळा बोलला की काहीतरी होतं म्हणून. मी त्यांना एकदा गच्चीवर बोलावून दाखवलं, एक पिंगळा दुसऱ्याच्या डोक्यातली पिसं चोचीने साफ करत होता, डोळे मिटून. काकू म्हणाल्या, अगं बाई, म्हातारा-म्हातारी दिसताहेत. दार अजून लावतात, पण आता आधी एकदा वर बघून घेतात.

सात जूनला मृग लागला आणि त्या वर्षी पाऊसही वेळेवर आला. पहिल्या सरीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी मातीवर मृगाचे किडे. लाल मखमल, बोट लावलं की पाय आखडून घेणारे. मुलीने मोबाईलवर झूम करून पाय मोजले, आठ. म्हणजे तो किडा नाहीच, कोळी-विंचवाच्या गोतावळ्यातला. वर्षाचा बहुतेक काळ जमिनीत असतो, पहिल्या पावसानंतर थोडे दिवस वर येतो, जोडी जमवतो आणि परत खाली. आमच्या अंगणात मी चोवीस मोजले. शेजारच्या टाईल्सवर दोन होते, ते आमच्याच कडेने तिकडे गेलेले, आणि दुपारपर्यंत ते तिथे नव्हते. आत जायला जागा नव्हती त्यांना. हे बघितल्यापासून मला कोब्याचा विचार करवेना.

सिमेंट तोपर्यंत गेलं होतं. ताडपत्री उडाली रात्री, आठच्या आठ गोण्या दगड झाल्या. बायको चिडली, आणि तिचं चिडणं रास्त होतं, तीन हजाराच्या आसपास पाण्यात. माय म्हणाली, "गया ते गया, जीव ते नही गया." त्यावर बायको आणखी चिडली. दोन दिवस घरात कोणी धड बोललं नाही.

तिसऱ्या दिवशी बायकोनेच मला हाक मारली, हळू या म्हणाली. रेतीच्या ढिगावर सरडी होती. नर महिनाभर कुंपणावर लाल डोकं करून उठाबशा काढत होताच, ही मादी, फिकट, पोट दोन्ही बाजूंनी फुगलेलं. ओल्या रेतीत तिने पुढच्या पायांनी खड्डा केला, थांबत थांबत, मग उलटी फिरून शेपटीकडून त्यात बसली. किती वेळ गेला ते बघितलं नाही. शेवटी ती उठली, रेती ओढून खड्डा भरला आणि तोंडाने दाबायला लागली. ठोकत होती म्हणा ना, नाकाने, एकदा इथे एकदा तिथे, मिस्त्री धुमसाने ठोकतो तशी. मग वरून काड्या-पाला ओढला आणि कुंपणाखालून गेली. जिथे खड्डा होता तिथे काहीच दिसत नव्हतं.

लहानपणी आम्ही गवताच्या काडीचा फास करून सरडे पकडायचो. दगड मारायचो, सरडा रक्त पितो असं मोठी माणसं सांगायची म्हणून. किती मारले ते आठवत नाही. ते मला त्या दिवशी आठवलं आणि बराच वेळ मी तिथून हललो नाही. बायकोने चार विटा आणल्या आणि त्या जागेभोवती लावल्या.

अंडी साधारण दीड महिन्यात फुटतात. मिस्त्रीचा फोन आला, मी म्हटलं आखो दीड महिना, तो हसला. जुलैमध्ये वांग्याला नवीन फूट आली आणि शिंपी परत आली, तीच की दुसरी ते कसं सांगणार, पण माय म्हणते तीच. या वेळी दोन पानं जोडून शिवलं, खालून, दाट भागात. कापूस उन्हाळ्यात उरलेला मायने कुंपणाच्या तारेला अडकवून ठेवला होता. भारद्वाज दोनदा खालून फिरून गेला. तीनपैकी दोन पिल्लं उडाली. तिसऱ्याचं काय झालं ते आम्हाला दिसलं नाही.

ऑगस्टमध्ये एका सकाळी विटांच्या आत रेतीला एक बारीक भोक होतं. नंतर तुळशीच्या कुंडीवर, जास्वंदीवर, धुण्याच्या दगडावर, बोटभर लांबीचे सरडे, शेपटी अंगापेक्षा दुप्पट, एवढेसे, पण आपण जवळ गेलो की मान ताठ करून बघणारे.

रेती शेवटी मिस्त्रीच नेणार असं ठरलं, त्याचं दुसरीकडे काम निघालं होतं आणि आमचा कोबा होणार नव्हता, फक्त धुण्याच्या दगडाखाली दोन बाय तीनचा तुकडा करायचा, तेवढं बायकोचं मी मान्य केलं. गणपती झाल्यावर तो टेम्पो घेऊन आला. वरची रेती भराभर भरली, विटांजवळ आल्यावर फावडं ठेवलं आणि हातानेच उकरायला लागला. फुटलेल्या अंड्यांची सालं निघाली, पांढरी, चामड्यासारखी मऊ, सुरकुतलेली. त्याने ती एक एक काढून विटेवर मांडली, अकरा निघाली. मायने मागच्या दारातून मान बाहेर काढून बघितलं. मिस्त्रीने परत फावडं उचललं, रेतीला लावलं, आणि तसंच धरून माझ्याकडे वळला.

"भाऊ, आखो काही शे का मजार?"